घरी बसलेल्या लेकराला वर्गात जागा करून देऊ या



मृग नक्षत्र निघाले की खेडोपाडी दोन लगबगी एकदमच सुरू होतात. एक बी-बियाण्याची आणि दुसरी शाळेची. पोराबाळांची दप्तरे निघतात, वह्यांना कव्हरे चढतात. पण आपल्या सातारा-सांगली भागात अजूनही अशी घरे आहेत, की जिथे एका लेकराचे दप्तर कोणी आणत नाही. त्याला नीट दिसत नाही, नाहीतर ऐकू येत नाही. पायात बळ नसते, नाहीतर समज उशिरा येते. हजेरीपटावर त्याचे नाव असते. मूल मात्र शेळ्यांमागे, नाहीतर सोप्यात बसून असते. “त्याला काय शाळा जमणार?” एवढ्या एका वाक्यावर त्याच्या जन्माचा निकाल लागलेला असतो.

मी शेतीखात्यातला माणूस. शाळेविषयी मी का लिहावे, असे कोणी विचारील. कारण असे की, तीस वर्षे शिवारे फिरताना पिकापाण्याची बोलणी संपली, चहाचे पेले खाली ठेवले, की कितीतरी आईबापांनी हळूच एकच प्रश्न विचारला आहे, “साहेब, आमच्या माघारी याचं कसं व्हायचं?” या प्रश्नावर बहुतेक जण एकच तोड काढतात. त्याच्या नावावर एकर-दीड एकर रान जास्त ठेवायचे. पण ज्याला स्वतःचा सातबारा वाचता येत नाही, बाजारात नोटा मोजता येत नाहीत, बँकेत आपले म्हणणे सांगता येत नाही, त्याच्या नावावरचे रान किती दिवस त्याचे राहते, हे आपण गावोगाव पाहिलेले आहे. जमीन राखायलाही अक्षर लागते. म्हणून या लेकराची खरी तरतूद शाळेतच होते, आणि त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी फुकट किंवा अगदी थोड्या खर्चात होणाऱ्या आहेत.

हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे

२०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला आणि एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. आता एकवीस आहेत. अंधत्व, अधू दृष्टी, बहिरेपण, हातापायाचे अपंगत्व, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता यांबरोबर लिहिण्यावाचण्यात सतत अडखळणारी, म्हणजे अध्ययन अक्षमता असलेली मुलेही त्यात येतात. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो जवळच्या शाळेत घ्यायचा की विशेष शाळेत, ही निवड त्या मुलाची. म्हणजे “आमच्याकडे असली मुलं घेत नाही” असे म्हणण्याचा अधिकार गावच्या शाळेला नाही.

आपल्या मातीला ही गोष्ट नवी वाटू नये. मुलींना शाळेची दारे बंद होती, तेव्हा ती उघडणाऱ्या सावित्रीबाई फुले खंडाळा तालुक्यातील नायगावच्या. बहुजनांच्या मुलांना शिक्षण दुर्मिळ होते, तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवून वसतिगृह चालवले. ज्याला शाळेने बाहेर ठेवले त्याला आत आणायचे, ही आपल्या भागाची जुनी रीत आहे. त्या रीतीतले एक बाक अजून रिकामे आहे, ते भरायचे आहे.

आधी पारख, मग उपाय

माती न तपासता खताच्या गोण्या ओतणारा शेतकरी पैसाही घालवतो आणि पीकही. मुलाचेही तसेच. अनेकदा मूल “मठ्ठ” ठरते आणि खरी अडचण डोळ्याची किंवा कानाची असते.

घरच्या घरी एवढे पाहा. मूल पुस्तक नाकाशी धरते का? मान वाकडी करून पाहते का? तिन्हीसांजेला ठेचकाळते का? पाठीमागून हळू हाक मारल्यावर वळते का, की तोंडाकडे पाहिल्यावरच त्याला कळते? दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही का? कान वाहत असेल तर त्यात कोमट तेल घालू नका. वाहणारा कान डॉक्टरांनाच दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुले तपासतात. त्या दिवशी मुलाला मुद्दाम पाठवा, आणि शक्य तर स्वतः जा. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर एकेक महिना मोलाचा असतो, कारण भाषा रुजायचे वय पहिली काही वर्षेच असते.

खटाव तालुक्यातल्या एका शिवार बैठकीत मला असाच अनुभव आला. फवारणी पंपाचे प्रात्यक्षिक चालू होते. पानावर थेंब नीट पडत नाहीत, हे सर्वांआधी एका दहा-अकरा वर्षांच्या पोराने हेरले आणि न सांगता नोझल उघडून साफ केले. बाप म्हणाला, “तसा हुशार हाय, पर शाळंत डोकं चालत न्हाई.” चौकशी केली तेव्हा समजले, की त्याला कमी ऐकू येते आणि वर्गात तो शेवटच्या बाकावर खिडकीशी बसतो. गुरुजी फळ्याकडे तोंड करून शिकवीत आणि पोरगा खिडकीबाहेर बघत बसे. त्याला पुढे बसवले, कानाचे यंत्र मिळाले, गुरुजींनी मुलांकडे तोंड करून बोलायची सवय लावून घेतली. त्या वर्षी तो वाचू लागला. डोके आधीही चालतच होते. त्याच्यापर्यंत शब्द पोचत नव्हते.

कमी दिसणाऱ्या मुलासाठी

अशा मुलाला पुढच्या ओळीत बसवावे, पण दारा-खिडकीचा उजेड त्याच्या डोळ्यावर येणार नाही अशा ठिकाणी. फळा पांढुरका पडला असेल तर त्याला काळा रंग द्यावा. गावातले तरुण एका दिवसात हे काम करतील. गुरुजींनी अक्षर मोठे काढावे आणि जे लिहितील ते मोठ्याने वाचावे. “हे बघा, ते तिकडे” असे न म्हणता “फळ्याच्या डाव्या बाजूला त्रिकोण आहे” असे नाव घेऊन सांगावे. मूल उठून फळ्याजवळ गेले तर त्याला रागावू नये. वहीत काळ्या जाड पेनाने ठळक ओळी आखून दिल्या की त्याचे काम सोपे होते.

अजिबात न दिसणाऱ्या मुलाला ब्रेल लिपी शिकवता येते. ही लिपी एका खेड्यातल्या मुलानेच काढली. फ्रान्समधील कुपव्रे गावी १८०९ साली खोगीर-लगाम करणाऱ्या कारागिराच्या घरी लुई ब्रेल जन्मला. तीन वर्षांचा असताना बापाच्या आरीने खेळताना त्याच्या डोळ्याला जखम झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. गावचे धर्मगुरू आणि मास्तर यांनी त्याला घरी न बसवता गावच्याच शाळेत डोळस मुलांशेजारी बसवले. तो ऐकून ऐकून शिकला. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला आणि १८२९ साली त्याने सहा ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. मराठीसह भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ साली ठरली. त्या गावात त्याला आधी शाळेत बसवले नसते, तर पुढचे काहीच घडले नसते.

सहा ठिपक्यांची ओळख करून द्यायला महागडे साधन नको. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचा दोन आडवी आणि तीन उभी खळी असलेला तुकडा कापा. कोणत्या खळीत गोटी आहे हे बोटाने चाचपून मूल अक्षराची खूण शिकते. बेरीज-वजाबाकीसाठी चिंचोके आणि हरभरे, आकारांसाठी पुठ्ठ्याचे त्रिकोण-चौकोन पुरेसे होतात. नकाशा शिकवताना नद्यांच्या जागी सुतळी चिकटवली तर कृष्णा महाबळेश्वराहून निघून कोयनेला कऱ्हाडात कशी मिळते आणि पुढे सांगलीकडे कशी जाते, हे बोटाला कळते. डोळस मुलांनाही असा नकाशा आवडतो. रस्त्याने नेताना त्याला मागून ढकलू नये. आपल्या कोपराला त्याला धरू द्यावे आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालावे.

कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी

शिकवणाऱ्याचे तोंड त्याला दिसले पाहिजे आणि त्या तोंडावर उजेड असला पाहिजे. गुरुजी खिडकीला पाठ करून उभे राहिले तर ओठ अंधारात जातात. फार ओरडून बोलू नये. ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो. नेहमीच्या गतीने, स्पष्ट बोलावे आणि धड्यातले मुख्य शब्द फळ्यावर लिहावेत. “समजलं का?” असे विचारले की ही मुले भीडेने मान हलवतात. त्याऐवजी “मी काय सांगितलं ते तू सांग” असे म्हणावे.

कानाचे यंत्र सगळेच आवाज मोठे करते. बाकांचा खरखराट आणि पत्र्यावरचा पाऊस हेही त्यात आले. बाकांच्या पायांना जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले किंवा जमिनीवर गोणपाट अंथरले तर गलका कमी होतो. यंत्राची बॅटरी संपली की मूल पुन्हा बहिरेच. म्हणून जादा बॅटरी दप्तरात असू द्या. आईबाप उसाच्या हंगामाला कारखान्याच्या तळावर जाणार असतील आणि मूल आजी-आजोबांजवळ राहणार असेल, तर बॅटरी कशी बदलायची हे आजीला दाखवूनच निघा. यंत्राने भागत नाही अशा मुलाला खुणांची भाषा लवकर मिळाली पाहिजे. त्यासाठी मूकबधिर विद्यालयाचा विचार करण्यात कमीपणा नाही. मूल कोठे जास्त शिकेल, एवढेच पाहावे.

हातापायाने अधू असलेल्या मुलासाठी

पोलिओचा शेवटचा रुग्ण भारतात २०११ साली सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. आता शाळेत दिसतात ती मुले मेंदूच्या पक्षाघाताची, जन्मतः व्यंग असलेली, अपघातात हात-पाय गमावलेली.

त्यांचा वर्ग तळमजल्यावर आणि दाराजवळ असावा. शाळेच्या ओट्याला उतार करायचा तर गवंड्याला हिशेब सांगा: एक फूट चढायला बारा फूट लांबी. ओटा दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट लांब, आणि रुंदी चार फूट तरी हवी. पुष्कळ ठिकाणी चार फुटांचा घसरडा उतार करून काम झाले म्हणतात. त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, उलट मूल पालथे पडते. संडासात धरायला नळीचा दांडा बसवा आणि दार रुंद ठेवा. ही सोय नसली की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि थोड्याच दिवसांत शाळा सोडतात. हे कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

पेन्सिल बोटांत ठरत नसेल तर तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड करावी. पाय लोंबत असतील तर खाली लाकडी पाट ठेवावा, म्हणजे अंग स्थिर होऊन हात चालतो. वही घसरत असेल तर ती चिकटपट्टीने बाकाला लावावी. खेळाच्या तासाला त्याला चपला राखायला बसवू नये. नियम थोडे बदलले की तोही खेळतो.

सांगली जिल्ह्याला हे निराळे सांगायला नको. वाळवा तालुक्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांचा हात शाळकरी वयात सायकलवरून पडून कायमचा अधू झाला. २०२४ साली पॅरिसला त्यांनी गोळाफेकीत १६.३२ मीटर फेक करून रौप्यपदक जिंकले. प्रत्येक लेकराने पदक आणावे असे नाही. पण मैदानाबाहेर बसवलेल्या मुलाला आपण काय करू शकतो हे कधी कळतच नाही.

उशिरा समजणाऱ्या आणि अक्षरांत अडखळणाऱ्या मुलांसाठी

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला एका वेळी एकच पायरी सांगावी. धार काढायला शिकवताना आपण आधी वासरू सोडायला, मग कास धुवायला, मग भांडे धरायला शिकवतो. अंक आणि अक्षरेही अशीच शिकवावीत. रोज तेच शब्द, तीच वेळ, खऱ्या वस्तू आणि जमले की लगेच शाबासकी. त्याला खरी नाणी-नोटा मोजायला द्या, आठवडी बाजारात दोन वस्तू आणायला लावा. इतर मुलांपेक्षा त्याचा अभ्यास वेगळा आणि कमी असेल. पण रोज काहीतरी पुढे गेले पाहिजे.

अध्ययन अक्षमता असलेले मूल बोलण्यात चलाख असते, पण लिहायला बसले की भ आणि म, घ आणि ध यांत गोंधळते, ओळ सोडते, अंक उलटे काढते. ते आळशी नसते. त्याला सर्वांपुढे मोठ्याने वाचायला लावून हसे करू नये. ताटात बारीक वाळू पसरून बोटाने अक्षर गिरवून घ्यावे, वाचताना ओळीखाली पट्टी धरू द्यावी, उत्तर तोंडी घ्यावे आणि प्रत्येक वेलांटीसाठी गुण कापू नयेत.

फिट येणाऱ्या मुलाविषयीही दोन शब्द. वर्गात फिट आली तर कांदा, चप्पल नाकाला लावू नये, तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आसपासची बाके दूर सारावीत, मुलाला कुशीवर करावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना. आणि दुसऱ्या दिवशी त्याला नेहमीसारखे वर्गात घ्यावे.

दाखला आणि परीक्षा

अपंगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र यांसाठी आता स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. तपासणी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, तर सांगलीकडच्यांनी पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. दाखल्याअभावी एसटीची सवलत, साधने, शिष्यवृत्ती सारेच अडते.

परीक्षेपुरते एवढे लक्षात ठेवा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा विद्यार्थ्याला तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास; आणि हाताने लिहिता येत नसेल तर लेखनिक मिळतो. दहावी-बारावीच्या सवलतींचे कागद मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडे जातात. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. नववीतच दाखला काढा आणि दहावीची शाळा सुरू होताच विचारा. आयत्या वेळी कागद नाही म्हणून पोराचे वर्ष जाऊ नये.

आईबापांनी करायची कामे

तासगावचा द्राक्षबागायतदार छाटणीला एकेक वेल न्याहाळून काडी ठेवतो. चाळीस पोरांच्या वर्गात गुरुजींना तेवढी सवड नसते. आपल्या लेकराला मात्र तुम्ही जन्मापासून पाहिलेले आहे. कोणत्या बाजूने त्याला ऐकू येते, कोणत्या वेळी ते दमते, कशाला घाबरते, कशाने खुलते, हे आईइतके कोणाला ठाऊक नाही. घरची ही माहिती वर्गात पोचली की निम्मे काम झाले. ती एका कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर थोरल्या मुलीकडून लिहून घ्या.

तालुक्याला पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गटसाधन केंद्र असते. तेथे विशेष शिक्षकांची आणि साधनवाटपाच्या शिबिरांची चौकशी करा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. शाळेचा उतार, संडासातला दांडा, फळ्याचा रंग हे विषय ग्रामसभेत मांडा आणि ठरावात लिहून घ्या.

आणि एक काम बिनपैशाचे. लंगड्या, बहिऱ्या, वेडी अशी हाक घरात बंद करा. घरात जे नाव चालते तेच गल्लीत चालते आणि गल्लीतले वर्गात जाते. लेकराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा.

यंदा शाळेची घंटा वाजेल त्या पहिल्या दिवशी, वापसा असला तरी पेरणीची घाई दोन तास बाजूला ठेवा. लेकराला धुतलेले कपडे घाला, तो कागद खिशात घ्या आणि आई-बाप दोघेही त्याच्याबरोबर शाळेत जा. गुरुजींना किंवा बाईंना नमस्कार करून एवढेच विचारा, “याला कुठं बसवलं तर याला नीट दिसेल, ऐकू येईल?”